दोन बोटांची भर

‘इटलीतल्या डोंगरावरच्या एखाद्या गावावर लिहा, पण प्रवासवर्णन नको,’ असं संपादकांनी बजावलं होतं. मी मोंताल्चिनो निवडलं, ते ब्रुनेल्लो या लाल वाइनमुळे. तोस्कानामध्ये, सिएनाच्या दक्षिणेला, साधारण 560 मीटर उंचीवर हे गाव आहे. माथ्यावर 1361 सालचा किल्ला. 1555 मध्ये सिएना पडलं, तेव्हा तिथल्या प्रजासत्ताकाचे पाठीराखे इथे येऊन आणखी चार वर्षं टिकून राहिले. तटावरून ओर्चाचं खोरं आणि दक्षिणेला निवलेला आमिआता ज्वालामुखी दिसतो. किल्ल्यातच वाइन चाखायची सोय आहे. एक-दोन पेले घ्यायचे, सांत’आंतिमोचा मठ पाहायचा, की प्रवाशांचा दिवस भरतो.

मला तळघर पाहायचं होतं.

एकोणिसाव्या शतकात क्लेमेंते सांती आणि त्यांचा नातू फेर्रुच्चो बिओंदी सांती यांनी निव्वळ सांजोवेझे द्राक्षाची, वर्षानुवर्षं टिकणारी वाइन घडवली. 1980 मध्ये तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. नियम कडक आहे: 2020 साली खुडलेल्या द्राक्षांची ब्रुनेल्लो 1 जानेवारी 2025 च्या आधी विकता येत नाही, आणि त्या काळातली किमान दोन वर्षं ती लाकडात राहिलीच पाहिजे.

या दोन वर्षांत नेमकं काय घडतं, ते तळघर सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी दाखवलं. स्लावोनियाच्या ओकची, माणसाहून उंच पिंपं ओळीनं उभी होती. लाकूड श्वास घेतं, त्यामुळे वाइन थोडी थोडी उडून जाते. वर पोकळी राहिली की हवा साचते, आणि मग वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. म्हणून प्रत्येक पिंपाच्या तोंडावर काचेचं भांडं बसवलेलं असतं. त्यातली पातळी उतरली, की पिंपाला भर हवी.

गृहस्थ शिडीवर चढले. तोंडाभोवतीचं जांभळं कडं त्यांनी फडक्यानं पुसलं, फडकं नाकाशी नेलं, क्षणभर थांबले आणि मगच वाइन ओतली, जेमतेम दोन बोटं. ही भर त्याच वर्षाच्या, बाजूला राखलेल्या वाइनची. तो साठा कमी होईल तसा लहान लहान बरण्यांत हलवायचा, म्हणजे तिथेही हवेला जागा उरत नाही. कायदा फक्त मुदत ठरवतो. त्या मुदतीत वाइन शाबूत राहते ती या माणसाच्या नाकामुळे आणि हातामुळे. पुढे पेल्यात आंबट चेरी आणि कोऱ्या चहाचा तुरटपणा लागला, तेव्हा ते कष्ट मला चवीत जाणवले.

काळजी वाटते ती उन्हाळ्यांची. उष्णता वाढली की द्राक्षात साखर लवकर भरते आणि आंबटपणा घटतो. साखर जास्त म्हणजे अल्कोहोलही जास्त. ब्रुनेल्लो दशकानुदशकं टिकते ती बऱ्याच अंशी त्या आंबटपणावर, आणि द्राक्षातच तो कमी पडला तर पिंपात कितीही वर्षं ठेवून तो येत नाही. शेतकरी आता घडांवर पानांची सावली राखतात, थंड उत्तर उतारांकडे वळतात. पण आज लावलेली वेल फळाला यायला तीन-चार वर्षं, त्यापुढे वाइनची पाच. म्हणजे आजचा निर्णय बरोबर की चूक, हे कळायला जवळजवळ दशक जातं.

आपल्या अकलूजजवळही सांजोवेझे पिकतं, त्यामुळे ही चिंता मला परकी वाटत नाही. मोंताल्चिनोकडे थांबण्याचा दांडगा सराव आहे. वेलींच्या बाबतीत मात्र आता त्याला घाई करावी लागेल.