जुनी पण तेज – लेखांक ५ : ब्रेकची पारख

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एखाद्या बोळात विक्रीला लावलेली जुनी पोलो जीटी टीएसआय बघायला गेलात, तर विकणारा आधी बॉनेट उघडतो. १०५ अश्वशक्ती, सात गिअर, पिकअप हे सगळं सांगून होतं. ब्रेकच्या वाट्याला एकच वाक्य येतं : ‘मागच्याच सर्व्हिसला पॅड टाकलेत.’ ते खरं असेलही, पण तेवढ्यावर इसार देऊ नका.

वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. साधारण ११०० किलोची ही गाडी ताशी १०० वरून एकदा थांबवली, तर त्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, तुळजापूरचा घाट उतरत असाल तर ही उष्णता दर वळणावर साठत जाते. शहरात ठीक वाटणारे ब्रेक तिथे उघडे पडतात.

पारख उभ्या गाडीवरच सुरू करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, कडक झालं की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. मग अर्धा मिनिट तसंच दाबून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर मास्टर सिलिंडर किंवा लाइन गळतेय. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे. यानंतर मिस्त्रीला चाक काढायला सांगा. विकणाऱ्याने त्याला नकार दिला, तर सरळ दुसरी गाडी बघा. पॅडचं लायनिंग ३ मिलिमीटरच्या खाली आलेलं नको. आतला पॅडही बघा, कारण कॅलिपरच्या स्लाइड पिना जाम झाल्या की बाहेरचा जाड राहतो आणि आतला खलास होतो. डिस्कच्या कडेला नखाला लागणारी धार असेल तर जाडी मोजून घ्या; कमीत कमी किती चालेल, तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो.

या गाडीला मागे ड्रम आहेत. हँडब्रेक फार वर येत असेल, तर मागचे लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टर अडकलाय. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायला लावा. रांजणगावला तयार झालेली अबार्थ पुंटो किंवा आय-ट्वेंटी एन लाइन घेत असाल, तर मागेही डिस्कच आहेत; तिथे मागचे कॅलिपर मोकळे सरकतात का ते बघा.

मग रस्त्यावर. मोकळी जागा आणि मागचा आरसा बघून ताशी ६० वरून दमदार ब्रेक लावा. पेडल थरथरलं तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, असं समजा. गाडी एका बाजूला ओढली तर त्या विरुद्ध बाजूचा कॅलिपर अडकल्याची शंका घ्या. मात्र अगदी जोरात ब्रेक लावल्यावर पेडल टकटक करत पायाला उलटा धक्का देत असेल, तर ते एबीएसचं काम आहे, तो बिघाड नव्हे.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि पायाला ते ओळखता येतं. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून पकड सुटलीय. पेडल थेट तळाला गेलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झालीय. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. जुन्या गाडीत माझ्या मते पहिला खर्च हाच. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि चारही चाकांतून हवा काढून घ्या.

त्यानंतर स्लाइड पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड नेहमी जोडीने बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत सात-आठदा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका, आणि नंतर ब्रेक न लावता थोडं चालवून ते थंड होऊ द्या. हे न केल्यास नवे पॅड पहिल्या दिवसापासून वाजू शकतात.

मोठ्या डिस्कचं किट घेण्याची घाई नको. ती डिस्क उष्णता जास्त पेलते, पण एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. एबीएस चालू होण्याइतका ब्रेक लागतोय म्हणजे टायरची पकड संपलीय. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. उन्हात वाळून कडक झालेले टायर बदलले, तर त्याच पैशात ब्रेक जास्त सुधारतात. मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचा सल्ला मिळेल, तो टाळा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने मोजून ठरवलेला असतो.

एक विनंती. चाचणीसाठी रूपाभवानी मंदिरावरून तुळजापूर रस्त्याला लागणार असाल, तर नवरात्र ते कोजागरी तिकडे अजिबात जाऊ नका. त्या रस्त्यावर तेव्हा हजारो माणसं देवीच्या दर्शनाला पायी चालत असतात.

(पुढील आठवड्यात : सस्पेन्शन आणि टायर)