परकीय यंत्रनामांचा मराठी उच्चार : रत्नागिरीच्या बाजारपेठेतील काही उदाहरणे

प्रस्तावना

रत्नागिरी शहरातील हार्डवेअरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात अर्धा तास उभे राहिले, तरी एकाच यंत्राची तीन-चार नावे कानी पडतात. भोक पाडण्याचे निळ्या रंगाचे यंत्र मागताना एक सुतार ‘बोश’ म्हणतो, दुसरा ‘बॉश’ म्हणतो आणि आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला तरुण डब्यावरील अक्षरे वाचून ‘बॉस्च’ म्हणतो. दुकानदार तिघांनाही तेच यंत्र देतो. व्यवहार अडत नाही. अडते ते अन्यत्र : प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, किंवा दुकानाच्या पाटीवर हे नाव देवनागरीत रंगविण्याची वेळ येते तेव्हा. उच्चारावरून माणसाची पारख करण्याची सवय आपल्या शिक्षणव्यवस्थेत खोलवर रुजलेली आहे, आणि ‘बॉस्च’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्र उत्तम चालविता येत असले, तरी त्याच्याविषयीचे पहिले मत या एका शब्दावरून बनून जाते.

अशा वेळी योग्य उच्चार कोणता, हे ठरविण्यासाठी साधारणपणे इंग्रजी चांगले जाणणाऱ्या व्यक्तीकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा पत्ता चुकीचा आहे. यंत्रांवरील पुष्कळशी नावे इंग्रजी नाहीत. ती जर्मन, जपानी, फ्रेंच आहेत. आणि त्यांच्या मूळ उच्चाराच्या जवळ जाण्याची सोय इंग्रजीपेक्षा मराठीत बऱ्याचदा अधिक आहे.

कानाने आलेले शब्द, डोळ्यांनी आलेले शब्द

कोकणच्या किनाऱ्याला परकीय वस्तू आणि त्यांची नावे नवी नाहीत. ‘चावी’, ‘घमेले’, ‘बादली’ हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून आले आणि मराठीत पूर्णपणे मुरले. ‘चावी’ या शब्दाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. लिस्बनच्या आजच्या पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा आरंभ ‘श’सारख्या ध्वनीने होतो. सोळाव्या शतकात मात्र तेथे ‘च’ होता. म्हणजे मूळ भाषेने सोडून दिलेला उच्चार मराठीने जपून ठेवला आहे. सुताराचे ‘गिरमिट’ हेही इंग्रजी ‘गिम्लेट’चे रूप मानले जाते. हे सर्व शब्द ऐकून घेतलेले आहेत. ज्याने ते प्रथम उच्चारले त्याने ते कोठे लिहिलेले पाहिले असण्याची शक्यता फारच कमी. त्यामुळे ते मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत सहज बसले आणि त्यांच्या शुद्धाशुद्धतेचा वाद कधी उद्भवला नाही.

विजेवर चालणाऱ्या हत्यारांची नावे वेगळ्या वाटेने आली. ती डब्यावर, यंत्राच्या अंगावर आणि हमीपत्रावर रोमन लिपीत छापलेली असतात. ती उच्चारणारा मूळ भाषक कारागिराला भेटत नाही. तो अक्षरे पाहतो आणि शाळेत इंग्रजी शिकताना त्या अक्षरांना जे ध्वनी जोडले गेले, तेच येथेही जोडतो. ‘बॉस्च’ हा उच्चार म्हणून अडाणीपणाचा नाही. तो वाचनाचा उच्चार आहे, आणि वाचनाच्या नियमांनी पाहता तो सुसंगतही आहे. जर्मन लेखनात रोमन एस, सी आणि एच ही तीन अक्षरे मिळून ‘श’ हा एकच ध्वनी दाखवितात, एवढी एक गोष्ट त्या विद्यार्थ्याला कोणी सांगितलेली नसते.

श्टुटगार्टची तीन नावे

योगायोग असा, की या बाजारातील तीन परिचित जर्मन नावे एकाच शहराशी निगडित आहेत. रॉबर्ट बॉश यांनी 1886 मध्ये श्टुटगार्ट येथे आपली कर्मशाळा उघडली. त्याच शहरातील फाइन या कारखान्याने 1895 मध्ये विजेवर चालणारे पहिले हातड्रिल तयार केले. आंद्रेआस श्टील यांचा करवतीच्या यंत्रांचा उद्योगही तेथेच 1926 मध्ये सुरू झाला. स्वतः शहराचे नाव मराठी वृत्तपत्रांत ‘स्टुटगार्ट’ असे छापले जाते. तेही इंग्रजी वाचनच होय, कारण जर्मनमध्ये शब्दारंभी एस आणि टी ही अक्षरे एकत्र आली, तर त्यांचा उच्चार ‘श्ट’ होतो.

‘बॉश’मधील स्वर ऱ्हस्व आणि विवृत आहे. मराठीतील ‘ओ’ संवृत असल्याने ‘बोश’ हे रूप मूळापासून दूर जाते. इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारलेला ‘ऑ’ येथे जवळचा ठरतो, मात्र तो लांबवू नये. ‘बॉश’ हा उच्चार थोडक्यात आटोपला पाहिजे. ‘फाइन’ या नावाचे रोमन लेखन पाहून ‘फीन’ किंवा ‘फेन’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यातील ई-आय ही जोडी जर्मनमध्ये ‘आइ’ अशी उच्चारली जाते.

कोकणातील बागायतदाराला यांपैकी सर्वांत जवळचे नाव म्हणजे श्टील. आंबा-काजूच्या बागेतील रान काढण्याचे यंत्र आणि साखळी करवत यांच्यामुळे ते गावोगावी पोहोचले आहे. त्याचा ‘स्टिहल’ असा उच्चार ऐकू येतो, कारण रोमन लेखनात आयनंतर एच आहे. जर्मनमध्ये स्वरानंतरचा एच उच्चारला जात नाही. तो आधीचा स्वर दीर्घ आहे एवढेच सांगतो. म्हणजे आपल्या दुसऱ्या वेलांटीचेच काम तो करतो. इंग्रजीभाषक देशांत या नावाचा ‘स्टील’ असा उच्चार रूढ आहे. मराठीत तो स्वीकारला, तर पोलादवाचक ‘स्टील’शी घोटाळा होतो, आणि ‘श्टील’ म्हणण्यात मराठी जिभेला कसलीच अडचण नाही.

बॉश या नावाविषयी आणखी एक स्थानिक संदर्भ नोंदविला पाहिजे. 1951 मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीच्या आद्याक्षरांपासून ‘मायको’ हे नाव बनले. नाशिक येथेही तिचा कारखाना उभा राहिला आणि त्या शहरातील एक चौक आजही ‘मायको सर्कल’ म्हणून ओळखला जातो. 2008 मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले. महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना ‘मायको’चा उच्चार कधी कोणाला विचारावा लागला नव्हता. हे नाव बनले ते भारतातच, आणि ते कामगारांच्या व गॅरेजवाल्यांच्या तोंडून पसरले. कारखाना तोच राहिला. नाव मात्र कानाच्या वाटेवरून डोळ्यांच्या वाटेवर गेले.

‘त’ की ‘ट’

जपानी नावांच्या बाबतीत मराठीचा लाभ अधिक स्पष्ट होतो. मोसाबुरो माकिता यांनी 1915 मध्ये नागोया येथे स्थापन केलेल्या उद्योगाचे नाव रत्नागिरीत ‘मकीटा’, ‘मॅकिटा’, ‘माकिटा’ असे विविध प्रकारे घेतले जाते. यांतील ‘मकीटा’ हा उच्चार इंग्रजीचा आहे. इंग्रजी भाषक मधल्या अक्षरावर आघात देतो, त्यामुळे ‘की’ लांबतो आणि आधीचा ‘मा’ दुबळा होऊन ‘म’ बनतो. जपानीत असा बलाघात नाही. तिन्ही अक्षरांना जवळजवळ सारखाच वेळ मिळतो आणि शेवटचा व्यंजनध्वनी दंत्य आहे. म्हणून ‘माकिता’ हे लेखन मूळाच्या सर्वांत जवळचे.

येथे ‘ट’ कोठून येतो? इंग्रजीतील टी या अक्षराचा ध्वनी मराठी कानाला मूर्धन्य वाटतो. त्यामुळे ‘टेबल’, ‘टिकीट’ अशी रूपे झाली, आणि रोमन टी म्हणजे ‘ट’ हे समीकरण इतके पक्के झाले, की जेथे इंग्रजीचा संबंध नाही तेथेही ते लागू केले जाते. टोयोटा, टोकियो ही रूपे अशीच घडली. ‘हिताची’ मात्र लिहिताना बहुधा वाचले आहे. मराठीजवळ ‘त’ आणि ‘ट’ ही स्वतंत्र अक्षरे आहेत. इंग्रजीजवळ एकच आहे. दोन अक्षरे हाताशी असताना एकाच अक्षराच्या भाषेकडून निवड करून घेणे अनाकलनीय आहे.

शुद्धलेखनाचा आपला नियमही येथे मदतीस येतो. तत्सम नसलेल्या शब्दात अंत्य अक्षर दीर्घ असेल, तर उपान्त्य इकार ऱ्हस्व लिहावा, आणि शब्द अकारान्त असेल तर तो दीर्घ लिहावा, असे सांगितले आहे. ‘किडा’प्रमाणे ‘माकिता’ आणि ‘वकील’प्रमाणे ‘श्टील’. मराठी शब्दांसाठी केलेला नियम या दोन परकीय नावांच्या बाबतीत मूळ उच्चाराशी बरोबर जुळतो. हा योगायोगच, पण सोयीचा.

हिताची कोकी या कंपनीच्या हत्यारांचे नाव 2018 मध्ये बदलले. नव्या नावाचा उच्चार ‘हायकोकी’ आहे. ‘हिताची’तील ‘हि’ आणि ‘हायकोकी’तील ‘हाय’ रोमन लिपीत सारखेच दिसतात. ही गोष्ट केवळ अक्षरांकडे पाहून कोणालाही, इंग्रजीच्या प्राध्यापकालाही, ओळखता येणार नाही. ‘हिकोकी’ म्हणणाऱ्या कारागिराला हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

असाच एक मुद्दा जाता जाता. मराठीतील ‘चाक’, ‘चूल’ या शब्दांचा दंत्य ‘च’ हा जर्मन भाषेतील झेड अक्षराचाच ध्वनी आहे. ‘बेंझ’ या मोटारीच्या नावातील शेवटचा ध्वनी जर्मन माणूस ‘चाक’मधल्या ‘च’सारखा उच्चारतो. हा ध्वनी शब्दारंभी आणणे इंग्रजी भाषकाला जड जाते, मराठी मुलाला तो पाळण्यातच येतो. देवनागरीत मात्र दंत्य आणि तालव्य ‘च’साठी निरनिराळी चिन्हे नाहीत, ही उणीव येथे जाणवते.

रूढीचा अधिकार

मूळ उच्चाराचा आग्रह कोठवर धरावा, यालाही मर्यादा आहे. रस्ता रुंदीकरणासाठी डोंगर खोदणाऱ्या यंत्राला कोकणात ‘पोकलेन’ म्हणतात. हे एका फ्रेंच कंपनीचे नाव होते. त्याचा फ्रेंच उच्चार ‘पॉक्लँ’ असा, शेवटी अनुनासिक स्वर असलेला आहे. आज कोणत्याही कंपनीचे तसे यंत्र आले तरी ते ‘पोकलेन’च असते, आणि काहींच्या तोंडी ते ‘पोकलँड’ही झाले आहे, जमिनीशी संबंध असलेल्या यंत्राच्या नावात जमीनवाचक इंग्रजी शब्द ऐकू यावा, हे स्वाभाविकच. हा शब्द आता विशेषनाम राहिलेला नाही, सामान्यनाम झाला आहे. त्याला फ्रेंच उच्चार शिकविणे म्हणजे ‘चावी’ला पोर्तुगीज शिकविण्यासारखे होईल. ‘झेरॉक्स’चीही तीच स्थिती आहे.

रत्नागिरीत हा विषय मांडताना स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या येथील वास्तव्याचा (1924 ते 1937) उल्लेख अपरिहार्य ठरतो. भाषाशुद्धी आणि लिपिशुद्धी या दोन्ही चळवळींना त्यांनी याच काळात गती दिली. परंतु परकीय शब्दाला पर्याय देता येतो, विशेषनामाला देता येत नाही. ड्रिलला ‘छिद्रयंत्र’ म्हणता येईल. बॉशला काय म्हणणार? विशेषनामाच्या बाबतीत भाषेचे काम ते लिपीत आणि उच्चारात नीट बसविण्यापुरतेच उरते.

पाटीवरील अक्षरे

हे काम आता केवळ अभ्यासकांचे राहिलेले नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक झाले आणि देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ज्या दुकानाच्या पाटीवर कंपनीचे नाव आहे, त्याला ते मोठ्या देवनागरी अक्षरांत कसे लिहावे, हे ठरविणे भाग पडले. तोंडी व्यवहारात ‘बोश’, ‘बॉश’ आणि ‘बॉस्च’ शेजारी शेजारी नांदू शकतात. पाटीवर एकालाच जागा असते. एकदा लिहिले गेलेले रूप पुढे बिलावर, जाहिरातीत आणि शाळकरी मुलाच्या वाचनात उतरते.

शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले, त्यामुळे ‘बॉश’ लिहिण्यास अधिकृत चिन्ह उपलब्ध आहे. रंगाऱ्याच्या हातून त्यावरील चंद्रकोर सुटली तर ‘बाश’ होते, हा जुना धोका. संगणकावर पाटी तयार करताना नवा धोका संभवतो. ‘ऑ’ची मात्रा एका कळीने न देता आधी चंद्रकोर आणि मग काना असे टंकले, तर पडद्यावर अक्षर जवळपास तसेच दिसते, परंतु संगणकाच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द असतो, आणि ‘बॉश’ असा शोध घेणाऱ्या ग्राहकाला ते दुकान सापडत नाही.