पिशवीतली नीळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आत्याची लघवीची पिशवी त्या सकाळी जांभळी झालेली होती. फिकट नाही, चांगली वांग्याच्या सालीसारखी. आईला वाटलं, रक्त साकळलं. भाऊ म्हणाला, नव्या गोळ्यांचा रंग उतरला असेल. शेजारच्या काकूंनी आधी "रात्री कुणी शाई तर नाही ना ओतली?" असं विचारलं आणि मग आवाज खाली करून 'बाहेरचं काही' असल्याची शंका काढली. आमच्या खडवलीत त्या वेळी कल्याणकडे जाणाऱ्या लोकलची वेळ होत आली होती आणि आम्ही ठरवू शकत नव्हतो, आत्याला उचलून न्यायचं की डॉक्टरांना आधी फोन करायचा.

आत्या पक्षाघातानंतर वर्षभर अंथरुणाला खिळलेली. कॅथेटरची नळी कायमची. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं, तिने नेहमीसारखा चहा मागितला. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, "पोट कधी साफ झालं होतं?" पाच दिवस झाले होते. रंग लघवीला आणि चौकशी पोटाची, हे तेव्हा आम्हाला कोड्यासारखं वाटलं. त्या कोड्याचं उत्तर शोधता शोधता मी नीळ, जीन्स, डायलिसिस आणि भातसा नदीचं पाणी अशा चार ठिकाणी पोचलो. चारही ठिकाणी एकच लहानसा रेणू भेटला, आणि त्याच्याभोवती साचलेले गैरसमजही.

समज: जांभळी पिशवी म्हणजे रक्त, विष किंवा करणी

आपण खातो त्या डाळीत, दुधात, अंड्यात, शेंगदाण्यात ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्यातलं बरंचसं शरीर स्वतःसाठी वापरतं. जे मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, त्यावर तिथले जिवाणू काम करतात आणि त्यातून इंडोल तयार होतं. इंडोल आतड्यातून रक्तात शिरतं आणि यकृतात जातं. यकृत त्याचं आधी इंडॉक्सिल करतं आणि मग त्याला सल्फेटची जोड देऊन ते पाण्यात विरघळेल असं बनवतं. हे इंडॉक्सिल सल्फेट मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत याचंच नाव इंडिकान. ते बिनरंगी असतं आणि थोड्या प्रमाणात तुमच्या-माझ्या लघवीत आजही आहे.

पोट साफ होत नसेल तर अन्न आतड्यात जास्त वेळ राहतं, जिवाणूंना जास्त वेळ मिळतो आणि इंडोल वाढतं. म्हणून डॉक्टरांचा तो प्रश्न. पुढचा टप्पा पिशवीत घडतो. नळी बराच काळ राहिली की तिच्यात जिवाणू वस्ती करतात. प्रोव्हिडेन्शिया, क्लेब्सिएला, प्रोटिअस यांसारख्या काही जिवाणूंकडे सल्फेटची ती जोड तोडणारं विकर असतं. जोड तुटली की इंडॉक्सिल मोकळं होतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते आणि दोन इंडॉक्सिल एकमेकांना जोडले जाऊन इंडिगो बनतो. म्हणजे नीळ. सोबत थोडं लाल इंडिरुबिनही तयार होतं. निळं आणि लाल मिळून जांभळं. पुष्कळदा नळीतून नुकतीच आलेली लघवी पिवळीच असते आणि पिशवी मात्र जांभळी दिसते, कारण रंग तिथे थांबल्यावर तयार होतो आणि प्लास्टिकमध्ये मुरतो.

वैद्यकीय साहित्यात याची पहिली नोंद 1978 सालची. लघवी अल्कधर्मी असेल, बद्धकोष्ठ जुनं असेल, रुग्ण वयस्कर असेल आणि नळी दीर्घकाळ असेल तर हे दिसण्याची शक्यता वाढते. स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. बहुतेकदा रंग स्वतः निरुपद्रवी असतो. पण तो फुकट आलेला निरोप आहे: नळीत जिवाणू आहेत, आणि पोटाकडे लक्ष द्यायला हवं. नळी आणि पिशवी बदलणं, बद्धकोष्ठावर उपाय करणं आणि गरज वाटल्यास लघवीचं कल्चर, एवढं डॉक्टर सांगतात. लक्षणं नसतील तर केवळ रंग बघून अँटिबायोटिक सुरू करायची नसते. ताप, थंडी वाजून येणं, पोटात किंवा पाठीत दुखणं, रुग्ण अचानक गुंगीत जाणं किंवा बरळणं, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र दिवस बघायचा नाही, रात्र बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. क्वचित संसर्ग गंभीर वळण घेऊ शकतो. आणि एक साधी गोष्ट, जी आम्हाला कुणीतरी फार उशिरा सांगितली: पिशवी नेहमी कंबरेच्या खाली लटकवायची, बिछान्यावर ठेवायची नाही.

समज: निळीच्या झाडात निळा रस असतो

निळीचं झाड पाहिलेले लोक आता थोडे. आपल्याकडे तिला गुळीही म्हणत. पान हिरवं, फूल गुलाबी, आणि रोप चुरगळलं तरी बोटाला निळं काही लागत नाही. पानांत असतो तोही इंडिकान, पण आपल्या लघवीतला नव्हे. रोपातल्या इंडिकानमध्ये इंडॉक्सिलला साखरेची जोड असते, माणसाच्या लघवीतल्या इंडिकानमध्ये सल्फेटची. नाव एकच पडल्यामुळे दोन्ही एकच, असा घोळ अजून लिहिण्या-बोलण्यात आढळतो. पानं पाण्यात भिजवून आंबवली की साखर सुटते, इंडॉक्सिल मोकळं होतं, पाणी घुसळून हवा भरली की ते निळं होऊन तळाशी बसतं. आत्याच्या पिशवीत जिवाणूंनी जे केलं, तेच रंगारी शतकानुशतकं हौदात करत आले.

महाराष्ट्रात निळीची रंगाई करणारा एक समाजच होता, निराळी. ब्रिटिशांच्या मुंबई गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. नावातच नीळ आहे. त्यांच्या कामातली गंमत अशी की रांजणातली नीळ निळी नसते. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्कली आणि आंबवण यांच्या मदतीने त्याचं पिवळसर-हिरवं रूप करावं लागतं. सूत त्यात बुडवायचं, बाहेर काढायचं आणि हवेत धरायचं. डोळ्यांदेखत पिवळं हिरवं होतं, हिरवं निळं होतं. रंग पुन्हा न विरघळणारा झाल्यामुळे धाग्यात अडकून राहतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रसायनशास्त्र शाळेत इतकं नीरस का शिकवलं, याचं वाईट वाटलं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1866 मध्ये निळीपासून मिळवलेल्या पदार्थाला इंडोल हे नाव दिलं. पुढे त्यांनी इंडिगो कृत्रिमरीत्या तयार केला, 1883 पर्यंत त्याची रचना ठरवली, आणि 1905 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातली निळीची शेती झपाट्याने आटली. चंपारणच्या शेतकऱ्यांवर 1917 मध्येही निळीची सक्ती सुरू होतीच, त्यावरून गांधीजींचा सत्याग्रह उभा राहिला, हे आपण शाळेत शिकलो. निळीचा धंदा बाहेर घसरत असतानाही शेतकऱ्याची कोंडी सुटली नव्हती, हा त्यातला दुःखद भाग.

समज: नैसर्गिक नीळ चांगली, केमिकलची वाईट

रेणूच्या पातळीवर दोन्ही इंडिगो एकच आहेत. आजच्या जीन्सचा निळा जवळजवळ सगळा कृत्रिम इंडिगो असतो. खडवलीहून लोकलने कल्याणला जाऊन गाडी बदलली की उल्हासनगर लागतं, तिथलं जीन्सचं मार्केट सगळ्यांना माहीत आहे, आणि जीन्स धुण्याच्या कारखान्यांमुळे वालधुनी नदीचं काय झालं, हेही कल्याण-डोंबिवलीकरांना नव्याने सांगायला नको. तिथला अपराधी निव्वळ नीळ नव्हती. रंग विरघळवण्यासाठी वापरायचे क्षपणकारक, अल्कली, विरंजक आणि शुद्धीकरणाशिवाय सोडलेलं पाणी, हे सगळं मिळून नदी मरते. नीळ रोपातून काढली असती आणि तेच पाणी तसंच सोडलं असतं, तरी नदीला फरक पडला नसता. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे दिसले होते, तेव्हा पुष्कळांनी त्या रंगालाही 'नीळ' म्हटलं. निळं दिसणारं सगळं इंडिगो नसतं. कपड्यांना चढवायची पुडीतली नीळ बहुतेकदा अल्ट्रामरीन असते, त्यात इंडोलचा संबंध नाही.

समज: इंडिकान म्हणजे शरीरात साचलेलं विष, ते डिटॉक्सने काढायचं

हा समज मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण त्यावर पैसे कमावले जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'आतड्यातून शरीराला विषबाधा होते' हा विचार युरोपात इतका जोरात होता की काही शल्यचिकित्सकांनी रुग्णांचं मोठं आतडं कापून टाकलं. लघवीतला इंडिकान तपासण्याची ओबरमायर चाचणी त्याच काळातली: लघवीत फेरिक क्लोराइड घातलेलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळायचं, क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, आणि तळाचा क्लोरोफॉर्म निळा झाला की इंडिकान आहे. चाचणी सुंदर आहे. पण निळा थर म्हणजे 'पोट सडलंय' असा निष्कर्ष तेव्हाही चूक होता आणि आजही चूक आहे. बद्धकोष्ठात, लहान आतड्यात जिवाणू वाढल्यास, ट्रिप्टोफॅन नीट शोषलं न जाणाऱ्या हार्टनप आजारात इंडिकान वाढतो. केवळ जास्त मांसाहार केल्यानेही वाढू शकतो. एकट्या या चाचणीवर निदान होत नाही, म्हणून रोजच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती आता क्वचितच केली जाते.

इंडॉक्सिल सल्फेट खरंच त्रासदायक ठरतं ते मूत्रपिंडं निकामी होत असताना. एरवी ती त्याला बाहेर टाकतात. ती थकली की ते रक्तात साचतं, आणि हृदय, रक्तवाहिन्या आणि उरलेलं मूत्रपिंड यांना त्याने इजा होते, असं संशोधनात दिसतं. इथेच डायलिसिसबद्दलचा गैरसमज येतो: मशीनने सगळी घाण निघते. युरिया निघतं, पोटॅशियम निघतं, पण इंडॉक्सिल सल्फेटचा 90 टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला असतो आणि यंत्राच्या जाळीतून फार थोडा सुटतो. जपानमध्ये 1991 पासून एक कोळशासारखं औषध मंजूर आहे, ते आतड्यातच इंडोल धरून ठेवतं. पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्याने आजाराचा वेग कमी होतो, असं सिद्ध झालं नाही. असं शास्त्रच सांगत असताना चूर्णाच्या पुडीने मूत्रपिंड 'धुऊन निघतं' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही उरत नाही.

आणि म्हणून डाळ बंद करायची? नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाने प्रथिनं किती खायची, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. तंतूमय अन्न आतड्यात असलं की जिवाणूंना प्रथिनांऐवजी खायला दुसरं मिळतं, पण फळांतून पोटॅशियम वाढण्याचा धोका या रुग्णांना असतो, तेव्हा तेही विचारूनच. मूत्रपिंडाची तपासणी करायची असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासतात, इंडिकान नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, हे गावाकडच्या रुग्णाच्या घरी सांगावं, कारण अर्ध्या घरांना ते ऐकूनही माहीत नसतं.

समज: पाण्याच्या रिपोर्टात 'इंडोल पॉझिटिव्ह' म्हणजे पाण्यात रसायन

भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्याकडे जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला पुरवलं जातं. खडवलीला त्याच नदीत रविवारी सहलीला आलेल्यांची गर्दी असते. नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या जिवाणू-तपासणीत 'इंडोल पॉझिटिव्ह' लिहिलेलं दिसलं, तर कुणी रसायन मिसळलं असं नाही. प्रयोगशाळेत जिवाणू ट्रिप्टोफॅन असलेल्या द्रवात वाढवतात आणि वर कोव्हॅक द्रावणाचे थेंब टाकतात. जिवाणूंनी इंडोल केलं असेल, तर पृष्ठभागावर चेरीसारखं लाल कडं येतं. विष्ठेच्या प्रदूषणाचा मुख्य सूचक ई. कोलाय हे करतो. म्हणजे तो शब्द जिवाणूची ओळख सांगतो. उपाय उकळणं आणि क्लोरिन.

इंडोलचा स्वतःचा वास दोन टोकांचा. दाट असेल तर विष्ठेची आठवण यावी असा, आणि अगदी विरळ असेल तर फुलासारखा. मोगरा आणि जाईजुईच्या सुगंधात ते नैसर्गिकरीत्या असतं.

आत्याची नळी आणि पिशवी त्या दिवशी संध्याकाळी बदलली, पोट साफ होण्याचं सिरप सुरू झालं. दुसऱ्या सकाळी नवी पिशवी पिवळी होती. जुनी टाकण्याआधी मी ती नळाखाली धरून पाहिली. पाणी स्वच्छ बाहेर पडलं, प्लास्टिक जांभळंच राहिलं. काकू पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने आत्यासाठी पपई कापून घेऊन आल्या.