मेडिकलची सीट: सरकारी की खासगी?

नीटचा निकाल लागला की पुढच्या काही आठवड्यांत हजारो घरांना आयुष्यातला बहुधा सर्वांत महागडा निर्णय घ्यावा लागतो. ज्यांचे गुण भरपूर आहेत, त्यांचा प्रश्न सोपा असतो. खरी घालमेल काठावरच्यांची. दूरच्या जिल्ह्यातले नवे सरकारी महाविद्यालय घ्यावे की घराजवळचे खासगी? कर्ज काढून अभिमत विद्यापीठात जावे का? क्लासचे सर, डॉक्टर नातेवाईक, व्हॉट्सॲपवरचे पालकांचे गट असे सगळेच सल्ला देतात, पण त्यातला बराचसा ऐकीव असतो. पसंतीक्रमाचा फॉर्म एकदा लॉक झाला की ऐकीव माहितीची किंमत त्या मुलाला आणि त्याच्या घराला मोजावी लागते. म्हणून नेहमीचे काही गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज: सरकारी सीट मिळण्यासाठी महाविद्यालय आपल्या विभागातले असावे लागते.

वस्तुस्थिती: एके काळी तसे होते. महाराष्ट्रात 70:30 चे प्रादेशिक सूत्र होते, त्यामुळे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या जागा वेगळ्या मोजल्या जात. सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झाले. आता गडचिरोलीची मुलगी मुंबईच्या केईएमसाठी आणि लातूरचा मुलगा रत्नागिरीसाठी एकाच गुणवत्ता यादीतून स्पर्धा करतो.

राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यात असतात आणि त्या राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून भरल्या जातात. उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत (एमसीसी) भरल्या जातात. राज्य कोट्यासाठी नुसता अधिवास दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, अपवाद थोडे आहेत. अकरावी-बारावीला कोटा शहरात किंवा हैदराबादला मुलाला पाठवण्याआधी हा नियम वाचलेला बरा. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी काही जागा वेगळ्या राखलेल्या आहेत. नागपूरच्या एम्समध्ये मात्र राज्य कोटा नाही, तिथल्या सगळ्या जागा देशपातळीवरच्या यादीतून भरतात.

गैरसमज: खासगी म्हणजे खासगी, सगळी सारखीच.

वस्तुस्थिती: सर्वांत मोठे नुकसान या समजुतीने होते. आपल्याकडे खासगी महाविद्यालयांचे दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयांचा. त्यांच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यातून, सीईटी सेलच्या फेऱ्यांत भरतात. उरलेल्या 15 टक्के जागा संस्थात्मक व अनिवासी भारतीय कोट्याच्या असतात आणि त्यांचे शुल्क बरेच जास्त असते. राज्य कोट्याचे शुल्क 2015 च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्रत्येक महाविद्यालयाचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतो.

दुसरा प्रकार अभिमत, म्हणजे लोक ज्यांना डीम्ड म्हणतात त्या विद्यापीठांचा. कराड, लोणी, सावंगी, कोल्हापूर, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणी ती आहेत. त्यांच्या सगळ्या जागा एमसीसीमार्फत भरतात. तिथे महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा सवलत म्हणून उपयोग होत नाही आणि शुल्क नियामक प्राधिकरणाचा अंकुशही नाही.

शिष्यवृत्तीचा फरक इथेच पडतो. इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते. अभिमत विद्यापीठे आणि संस्थात्मक (व्यवस्थापन) कोटा त्यातून वगळलेले आहेत. अशा घरातल्या मुलीसाठी राज्य कोट्यातली खासगी सीट आणि डीम्डची सीट यांत काही लाखांचा नव्हे, तर कर्ज काढावे लागण्या-न लागण्याचा फरक असतो.

शिवाय एक महाविद्यालय या चौकटीत नीट बसतच नाही. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 मध्ये सुरू झाले. ते चालवते एक विश्वस्त संस्था, पण अनुदान सरकारचे आहे. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी त्या गावात राहून घरोघरी फिरतात. सरकारी-खासगी या पाट्यांच्या पलीकडे पाहायला लावणारे हे ठिकाण आहे.

गैरसमज: खासगीतल्या निम्म्या जागा आता सरकारी शुल्कात मिळतात.

वस्तुस्थिती: ही बातमी दर वर्षी फिरते आणि तिला आधारही आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 3 फेब्रुवारी 2022 रोजी तसे निर्देश काढले होते: खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठांतल्या 50 टक्के जागांचे शुल्क त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतके असावे. पण ठिकठिकाणी न्यायालयीन वाद झाले आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या शुल्कपत्रकांत हे उतरलेले दिसत नाही. या आशेवर पसंतीक्रम भरू नका. शुल्कपत्रकात छापलेला आकडाच खरा धरा.

गैरसमज: पैसे असले की सीट मिळते.

वस्तुस्थिती: 2016 पासून नीट सर्वांना बंधनकारक आहे आणि 2023 च्या नियमांनुसार कोणतेही महाविद्यालय सामाईक फेऱ्यांबाहेर एमबीबीएसचा प्रवेश देऊ शकत नाही. राज्यात डोनेशनविरोधी कायदा तर 1987 पासून आहे. संस्थात्मक कोट्यातही नीटची पात्रता आणि यादीतला क्रमांक लागतोच. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये 'सीट पक्की करून देतो' म्हणणारे फोन येतात. टोकन म्हणून दोन लाख द्या, उरलेले प्रवेशानंतर, अशी त्यांची भाषा ठरलेली असते. मुलाला त्याच्या क्रमांकावर मिळणारच होती ती सीट स्वतःची कामगिरी म्हणून दाखवायची, आणि नाही मिळाली तर फोन बंद करायचा, असा हा धंदा आहे. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

गैरसमज: सरकारी महाविद्यालयाच्या पदवीला पुढे जास्त मान.

वस्तुस्थिती: कायद्याने दोन्ही पदव्या एकसारख्याच आहेत. संलग्न खासगी महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि सरकारी महाविद्यालयाचा विद्यार्थी नाशिक विद्यापीठाची तीच परीक्षा देतात. अभिमत विद्यापीठे आपली परीक्षा स्वतः घेतात. पण अभ्यासक्रमाचा आराखडा आयोगाचा आणि नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची, हे सगळ्यांना सारखेच लागू आहे. नीट पीजीच्या गुणपत्रिकेत महाविद्यालयाचे नाव पाहून गुण वाढत नाहीत.

मात्र पीजीसाठी महाविद्यालय कोणत्या राज्यात आहे, याला वजन आले आहे. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारित आरक्षण घटनेला धरून नाही, असा निर्णय दिला. एमबीबीएस कोणत्या संस्थेतून केले, यावर आधारित प्राधान्य मात्र मर्यादेत मान्य ठेवले. त्यामुळे 'एमबीबीएस कुठेही करू, पीजीला आपण महाराष्ट्राचेच आहोत' हे गृहीत धरता येत नाही. परराज्यातले खासगी महाविद्यालय थोडे स्वस्त दिसले तरी हा मुद्दा हिशेबात घ्यायला हवा.

गैरसमज: सरकारीत रुग्ण भरपूर आणि खासगीत इमारती, एवढाच फरक.

वस्तुस्थिती: जेजे, केईएम, ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी या रुग्णालयांत विद्यार्थ्याला जे पाहायला मिळते, त्याला तोड नाही. वॉर्डात तिसऱ्या वर्षाचा मुलगा खाटेशेजारी उभा राहून विचारतो, काय होतंय? समोरचे आजोबा सांगतात, जीव घाबरतो, पोटात गोळा उठतो, हातपाय गळून जातात. यातून दुखणे हृदयाचे की पित्ताचे, हे काढायला शिकणे म्हणजे वैद्यकीय शिक्षण. ते पुस्तकात नसते, शेकडो रुग्णांशी बोलूनच येते.

पण सगळी सरकारी महाविद्यालये जेजे नाहीत. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचे उद्घाटन झाले: मुंबई, अंबरनाथ, नाशिक, जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, अमरावती, भंडारा आणि गडचिरोली. नव्या ठिकाणी जिल्हा रुग्णालयाचे रुग्ण असतात. पण प्राध्यापकांची पदे, वसतिगृह आणि शवविच्छेदनाची सोय हळूहळू उभी राहते. उलट लोणी, सावंगी, कराड अशा ठिकाणच्या खासगी रुग्णालयांत आसपासच्या तालुक्यांतून रुग्णांचा मोठा ओघ असतो. आणि काही खासगी महाविद्यालयांत इमारत चकचकीत असूनही वॉर्ड रिकामे असतात.

कागदावर सगळे नियमात असते. आयोगाच्या 2023 च्या निकषांप्रमाणे 100 जागांच्या महाविद्यालयाला किमान 420 आणि 150 जागांच्या महाविद्यालयाला 605 खाटा लागतात. पण कागदावर किती विसंबायचे, हे 2025 मध्ये सीबीआयने महाविद्यालयांच्या तपासण्यांतल्या लाचखोरीबद्दल नोंदवलेल्या गुन्ह्याने दाखवून दिले. म्हणून स्वतः जाऊन पाहा. रविवारी किंवा प्रवेशाच्या माहितीच्या दिवशी नको. साध्या कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जा. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग किती आहे, ते पाहा. मेडिसिन आणि प्रसूतीच्या वॉर्डातल्या खाटांवर खरेच रुग्ण आहेत का, त्यांच्याजवळ नातेवाईक बसलेत का, ते बघा. कॅन्टीनमध्ये इंटर्नना दोन प्रश्न विचारा: बाळंतपणे स्वतःच्या हातांनी किती केली? स्टायपेंड दर महिन्याला बँकेत जमा होतो का, आणि पूर्ण हातात राहतो का? ही उत्तरे माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत.

गैरसमज: डॉक्टर झाल्यावर कर्ज काय, सहज फिटते.

वस्तुस्थिती: हा हिशेब कागदावर मांडा. शुल्क दर वर्षी आणि प्रवर्गानुसार बदलते, पण ढोबळ चित्र असे: सरकारी महाविद्यालयात खुल्या प्रवर्गाला वर्षाला साधारण दीड लाखाच्या आसपास, राज्य कोट्यातल्या खासगीत दहा लाखांच्या मागेपुढे आणि अभिमतमध्ये वीस-पंचवीस लाख. एमबीबीएसची शिकवणी साडेचार वर्षांची आहे, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे नुसते शुल्क अनुक्रमे पावणेसात लाख, 45 लाख आणि, वर्षाला 25 लाख धरले तर, एक कोटी साडेबारा लाख. वसतिगृह, मेस, पुस्तके वेगळी. शुल्क साडेचार वर्षांचे घेणार की पाच, हेही लेखी विचारा.

आता 45 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता साडेएकोणसाठ हजारांच्या आसपास येतो आणि एकूण परतफेड 71 लाखांवर जाते. शिकत असताना साचलेले व्याज यात धरलेले नाही. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये इंटर्नचे विद्यावेतन 11 हजारांवरून 18 हजार केले. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शिवाय आज बहुतेक मुलांना एमडी किंवा एमएस करायचे असते. म्हणजे कमाईला सुरुवात व्हायच्या आतच दुसऱ्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. कुटुंबाची सगळी ताकद पहिल्या साडेपाच वर्षांत संपवली, तर पीजीच्या वेळी हात रिकामे राहतात. घर किंवा शेती तारण ठेवण्यापूर्वी हा पुढचा टप्पा मोजलाच पाहिजे.

गैरसमज: सरकारी सीट घेतली की बॉण्डमध्ये अडकून पडतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सामाजिक दायित्व सेवा करावी लागते. ही सेवा बिनपगारी नसते. वैद्यकीय अधिकारी म्हणून वेतन मिळते आणि नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरला स्वतः निर्णय घेण्याची सवय तिथेच लागते. जनतेच्या पैशातून शिकलेल्याने एक वर्ष जनतेला देणे न्याय्यच आहे. या एका वर्षाच्या धास्तीने 35-40 लाख जास्त मोजण्यात शहाणपण नाही.

मग निवड कशी करावी?

राज्य कोट्यातून सरकारी सीट मिळत असेल, तर गाव दूर असो की महाविद्यालय नवे, बहुतेक कुटुंबांनी ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेला पैसा आणि नसलेले कर्ज हेच पुढच्या शिक्षणाचे भांडवल ठरते. सरकारी हुकली, तर आधी राज्य कोट्यातली, चांगला रुग्णओघ असलेली संलग्न खासगी महाविद्यालये लिहा. ज्या सवलतीला तुम्ही पात्र आहात, तिची कागदपत्रे फेरी सुरू होण्याआधी तयार ठेवा. नॉन-क्रिमीलेअर किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख चुकली म्हणून हातची सवलत जाता कामा नये. अभिमतचा विचार तेव्हाच करा, जेव्हा साडेपाच वर्षांचा खर्च पीजीची तरतूद न मोडता पेलतो.

पसंतीक्रम भरताना सीईटी सेल आणि एमसीसी या दोन्ही यंत्रणांचे नियम शेजारी ठेवा. पुढच्या फेऱ्यांत सीट स्वीकारल्यावर ती सोडणे अवघड होते, अनामत जप्त होऊ शकते आणि दुसऱ्या यंत्रणेच्या फेरीतून तुम्ही बाद होऊ शकता. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालक आणि मुलगा दोघांनीही स्वतः वाचावी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या वतीने हा निर्णय आपण घेतो, तेव्हा तेवढे कष्ट घेणे हे आपले कर्तव्यच आहे.