टेक्ससचा भुंगा आणि वर्ध्याचे खानखोजे

वर्ध्याहून निघालेली गाडी देवळी, भिडी करत सुमारे ४० किलोमीटरवरच्या कळंबला येते. हा रेल्वेमार्ग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. चिंतामणीच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला खिडकीतून दिसते ती पऱ्हाटी. श्रावणात हिरवीगार, दिवाळीनंतर पांढरी. ‘यंदा फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा,’ असे कृषी विज्ञान केंद्राची माणसे या भागातल्या शेतकऱ्यांना बांधावर येऊन सांगतात. शिकलेल्या माणसाने असे बांधावर यायचे असते, ही कल्पना कुठून आली? मी तिचा माग काढत गेलो तेव्हा थेट टेक्ससच्या एका कापसाच्या शेतात पोहोचलो. आणि परत फिरलो तर वाटेत वर्धाच लागले.

१८९२च्या सुमारास मेक्सिकोतून एक भुंगा टेक्ससमध्ये शिरला. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, पुढे लांब सोंड. मादी त्या सोंडेने कपाशीच्या पातीला भोक पाडते, आत एक अंडे घालते. अळी आतूनच खात जाते आणि पाती गळून पडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे कशी आतून पोखरली, हे ज्याने हातात बोंड फोडून पाहिले आहे त्याला वेगळे वर्णन नको. कीड निराळी, पण लपण्याची जागा तीच. फवारलेले औषध आत पोहोचत नाही. तेव्हाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनीही हेच सांगितले होते: वेचणी संपली की पऱ्हाट्या लवकर नष्ट करा, भुंग्याला हिवाळ्यापूर्वी खायला काही ठेवू नका. पत्रके छापली, वाटली. शेतकऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाहीत.

मग १९०३ साली सीमन नॅप नावाचे सत्तरीला टेकलेले गृहस्थ टेक्ससमधल्या टेरेल गावी आले. त्यांनी सरकारी शेत मागितले नाही. गावातल्याच वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याची ७० एकर जमीन निवडली. शेत पोर्टरचे, हात पोर्टरचे, पद्धत नॅप यांची: चांगले बियाणे, रुंद ओळी, योग्य खत आणि पुन्हा पुन्हा डवरणी. नुकसान झाले तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी सुमारे १,००० डॉलर बाजूला काढून ठेवले. हंगाम संपला तेव्हा पोर्टरने सांगितले की जुन्या पद्धतीपेक्षा आपल्याला ७०० डॉलर जास्त सुटले.

ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो. स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेऊ शकत नाही, हे नॅप यांचे साधे गणित होते. त्या एका शेतातून १९१४चा स्मिथ-लिव्हर कायदा आला आणि देशभर कृषी विस्तार सेवा उभी राहिली. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती १९०६ची. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या टस्कीगीच्या संस्थेने अवजारे, बियाणी, दुधाची यंत्रे एका गाडीवर चढवली, तिला खेचरे जुंपली आणि ती गाडी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर नेली. शेतकऱ्याला कॉलेजात यायला जमत नाही ना, मग कॉलेजच त्याच्या दारी.

हा अमेरिकेतला सुधारणांचा काळ होता. १९०६ साली अन्न आणि औषधांतल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला, १९१३ साली सिनेटर थेट लोकांनी निवडायचे ठरले, १९२० साली देशभरातल्या स्त्रियांचा मताधिकार घटनेत आला. पण याच देशाने १८९८ साली स्पेनशी युद्ध करून पोर्तो रिको आणि ग्वाम घेतले, हवाई बेटे जोडून घेतली आणि २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स ताब्यात घेतले. फिलिपिनो लोक स्वातंत्र्यासाठी लढले, तर त्यांच्यावर बंदुका चालवल्या. जी शेतकी महाविद्यालये मी एवढी वाखाणतो आहे, त्यांच्यासाठी राज्यांना १८६२च्या कायद्याने दर खासदारामागे ३०,००० एकर जमीन मिळाली होती आणि ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती. दोन्ही गोष्टी एकाच देशाने केल्या. एक सांगून दुसरी लपवली, तर तो इतिहास अर्धाच राहील.

या अमेरिकेत १९०७च्या आसपास वर्ध्याचा एक तरुण उतरला: पांडुरंग सदाशिव खानखोजे. ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या शेतकी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला ते शिकले. म्हणजे जमीनदानातून उभ्या राहिलेल्या त्याच व्यवस्थेत एक वऱ्हाडाशेजारचा मुलगा माती आणि बियाणे शिकत होता. सॅन राफाएलच्या लष्करी शाळेत त्यांनी युद्धशिक्षणही घेतले, कारण मनात स्वातंत्र्याचा लढा होता. ऑरेगनच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांची गाठ पडली. त्या मजुरांचे हाल ऐकवत नाहीत. सप्टेंबर १९०७मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने अशाच मजुरांना खोल्यांतून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले. भारतातले इंग्रजी राज्य उलथू पाहणाऱ्या, १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाची मुळे या अपमानातही आहेत. लाला हरदयाळ आणि सोहनसिंग भकना यांच्या त्या पक्षात लष्करी तयारीची बाजू खानखोजे पाहत. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळेही अमेरिकेतून याच कामासाठी परतले. मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले.

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, इंग्रजांची दोस्त झाली. त्याआधी फेब्रुवारीतच आशियातल्या बहुतेकांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला होता. नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गदरच्या लोकांवर खटला उभा राहिला. ज्या शहरातून त्यांचे वर्तमानपत्र निघत होते, त्याच शहरात ते आरोपी झाले. खानखोजे तोपर्यंत इराणात इंग्रजांविरुद्धच्या लढाईत पोहोचले होते. मायदेशाचे दार इंग्रजांनी बंद ठेवले होते.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले, म्हणजे तो भुंगा जिथून निघाला होता त्या देशात. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत ते शिकवू लागले. त्यांनी मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंत्ले नावाच्या गवताशी संकर केला. आणि गावोगावच्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. टेरेलच्या शेतातला आणि टस्कीगीच्या गाडीतला विचार खानखोज्यांच्या हातून पुन्हा शेतकऱ्याच्या दारी गेला, असे मी मानतो. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्या शाळांची छायाचित्रे काढली. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरांचे एक भित्तिचित्र आहे. कष्टकऱ्यांच्या टेबलाच्या टोकाला बसलेला एक माणूस त्यात भाकरी मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा म्हणून ओळखला जातो. विदर्भातल्या किती घरांत हे ठाऊक असेल?

स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी गेले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली ठेवणारी अमेरिकी धर्तीची कृषी विद्यापीठे तेव्हा भारतात उभी राहू लागली होती. कळंबच्या शेतकऱ्याला ज्याचा सल्ला मिळतो, ते अकोल्याचे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. खानखोज्यांना जाऊन तेव्हा पावणेतीन वर्षे झाली होती.