मत्स्यपेटीचा हवापालट

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले तेव्हा सर्वप्रथम लक्ष गेले ते मत्स्यपेटीच्या काचांकडे. त्यांवर आतून दाट बाष्प धरले होते. पाण्यातला तापमापक ३६ अंश सेल्सियस दाखवत होता. बारा निऑन टेट्रा आणि दोन एंजल मासे मरून पडले होते. आठ झेब्रा मासे तेवढे पृष्ठभागाशी तोंडे आणून कसाबसा श्वास घेत होते. हीटरमधला थर्मोस्टॅट चिकटला होता. शनिवारी दुपारी एकपासून हीटर क्षणभरही बंद झाला नव्हता.

आठवी-नववीच्या मुलांनी हे मासे दोन वर्षे सांभाळले होते. ती आधी हळहळली, मग रागावली. त्यातला निम्मा राग माझ्यावर होता आणि तो रास्त होता. हीटरचा दिवा विझत नाही, असे एका मुलीने दिवाळीच्या सुटीआधीच मला सांगितले होते. मी ‘बघू’ म्हणून ते राहून गेले.

त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आमची पेटी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. वाळू-खडी वगळता तीत सुमारे ९० लिटर पाणी मावते. एवढे पाणी एका अंशाने तापवायला ९० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३७७ किलोज्यूल उष्णता लागते. हीटर १०० वॅटचा, म्हणजे दर सेकंदाला १०० ज्यूल देणारा. भागाकार केला तर ३,७७० सेकंद येतात. तासाला जवळजवळ एक अंश! सोमवारी सकाळी सातपर्यंत ४२ तास झाले होते. या हिशेबाने पाणी ६५ अंशांच्याही पुढे जायला हवे होते. तसे झाले नाही, कारण पाणी खोलीपेक्षा जितके अधिक तापते तितकी काचांतून बाहेर जाणारी उष्णताही वाढते. मिळणारी आणि निसटणारी उष्णता जिथे सारखी झाली तिथे पारा थांबला.

पण मासे केवळ उष्णतेने मेले असे नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २७ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३६ अंशांना ७ मिलिग्रॅमहूनही कमी. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत असते. दहा अंशांच्या वाढीने ती साधारण दुप्पट होते. मिळकत घटली आणि खर्च दुप्पट झाला, अशी ती स्थिती होती.

‘सर, आता हीटरच नको. थंड पाण्याचे मासे पाळू,’ असे मुलांनी ठरवले.

थंड पाण्याचा मासा म्हणजे काय, हे आपल्याकडे जरा जपून म्हणावे लागते. हिमाचलातल्या नद्यांत सोडलेला ट्राउट हा खरा थंड पाण्याचा मासा. त्याला आमच्या नाशिक जिल्ह्यातला मे महिना सोसणार नाही. गोल्डफिशची गोष्ट वेगळी आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी पाळीव झालेला हा कार्प कुळातला मासा समशीतोष्ण हवेतला खरा, पण त्याची सहनशक्ती मोठी. कॅनडातील टोरांटो येथे फ्राय या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली गोल्डफिशवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मासा किती तापमान सोसेल हे तो आधी कोणत्या तापमानाला राहत होता यावर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. राहण्याचे तापमान तीन अंशांनी वाढवले की सोसण्याची वरची मर्यादा सुमारे एका अंशाने वर सरकते. खालची मर्यादाही अशीच सरकते.

ही सवय शरीरात कुठे होते? डिसेंबरच्या सकाळी घरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. तेल गोठून पांढरे झालेले असते आणि आई ती उन्हात ठेवते. शेजारचे करडईचे तेल मात्र वाहतेच असते. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात, खोबरेलात फार थोडी. माशाच्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटलही मेदाचेच असते. पाणी गार होऊ लागले की मासा त्या पटलात असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतो, म्हणजे पटल ताठरत नाही. १९६४ साली गोल्डफिशच्या मेंदूतील मेद तपासून हे दाखवण्यात आले. थोडक्यात, मासा आपले खोबरेल बदलून करडई करून घेतो! मात्र हे काम एका रात्रीत होत नाही. उष्णतेची सवय माशाला एक-दोन दिवसांत लागू शकते, पण थंडीची लागायला आठवडे लागतात. म्हणून हीटरचे बटण बंद करून मोकळे होणे हा या बदलातला सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे.

आमच्याजवळ वाचलेले आठ झेब्रा होते. हा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. ओढ्याचे पाणी हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात गरम होणारच. त्यामुळे झेब्रा १८ अंशांपासून तिशीपर्यंत सुखाने राहतो. निऑन किंवा एंजल वाचले असते तर ते हीटर असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागले असते. एका मुलाने ‘नदीत सोडले असते’ असे सुचवले. तसे कधीही करू नये. काच चाटणारा परदेशी सकरमासा असाच कोणीतरी कंटाळून सोडलेला, आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे.

एका पालकांनी नवा हीटर उसना दिला. झाकण उघडून, हवेचा पंप चालू ठेवून पाणी आपसूक २७ अंशांवर येऊ दिले. वरून गार पाणी मुळीच ओतले नाही. मग दर दिवशी थर्मोस्टॅट एका अंशाने खाली. आठवड्यात २० अंश झाले, चार दिवस तसेच ठेवले आणि मग हीटर काढला. जानेवारीत खोलीच १८-१९ अंशांची होती. झेब्रांची धावपळ कमी झाली, भूकही कमी झाली. खाणे निम्मे केले, कारण न खाल्लेला दाणा तळाशी कुजतो.

आता गाळणीतल्या अदृश्य रहिवाशांकडे वळू. मासे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो विषारी असतो. गाळणीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे केले, तेव्हापासून दोन पायऱ्या म्हणजे दोन प्रकारचे जिवाणू, असे पुस्तकांत लिहिले जाई. दोन्ही पायऱ्या एकटा चढणारा जिवाणू २०१५ साली सापडला! हे सारे जिवाणू पंचवीस-तीस अंशांना जोमाने काम करतात, १८ अंशांना मंदावतात. म्हणून पेटी रिकामी करून, गाळणी नळाखाली लख्ख धुऊन ‘नवी सुरुवात’ करण्याचा मोह आवरावा. नळाच्या क्लोरिनने जिवाणू मरतात. आम्ही वाळू, खडी, गाळणीतला स्पंज सर्व तसेच ठेवले. आठ झेब्रांच्या उत्सर्गावर जिवाणूंची उपजीविका चालू राहिली.

मुलांना आठ गोल्डफिश हवे होते. दुकानदाराचेही म्हणणे तेच. मी दोनच आणू दिले. गोल्डफिशला जठर नसते. तो सारखा खातो आणि सारखी घाण करतो. लांब शरीराची, एकेरी शेपटीची जात तर फूटभर वाढू शकते, म्हणून आखूड शरीराची, दुहेरी शेपटीची जोडी निवडली. दोन माशांनीही दुसऱ्या आठवड्यात अमोनिया लिटरला अर्धा मिलिग्रॅमवर नेला. मुलांच्या भुवया उंचावल्या. इथे गार पाण्याने थोडी मदत केली. अमोनियाचे घातक रूप किती हे सामू आणि तापमान यांवर ठरते. सामू ८ असताना २७ अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे ६ टक्के घातक रूपात असतो, २० अंशांना सुमारे ४ टक्के. एक दिवस बादलीत ठेवून क्लोरिन उडवलेले पाणी वापरून दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलले. तीन आठवड्यांनी अमोनियाची चाचणी कोरी निघाली.

गोल्डफिशची एक करामत सांगितल्यावाचून राहवत नाही. बर्फाखालच्या गार पाण्यात प्राणवायू संपला तर तो दुग्धाम्लाचे मद्यार्क करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. १९८० साली हे कळले. त्यामागची जनुके २०१७ साली उलगडली. पण ही युक्ती थंडीतली. उन्हाळ्यात ती उपयोगी नाही, आणि आमची खरी परीक्षा मे महिन्यात होती.

तिथे माठ मदतीला आला. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे ९० लिटर पाणी एका अंशाने उतरवायला जेमतेम १५५ ग्रॅम, पेलाभर पाणी उडाले की पुरे. काचेचे झाकण काढून जाळी बसवली, कारण झेब्रा उड्या मारतात, आणि टेबलपंखा पाण्यावर तिरपा लावला. कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत चालणार नाही. नागपुरात कूलर सुखावतो आणि मुंबईत घाम काढतो, त्याचे कारणही हेच. तिकडच्या शाळांनी गोल्डफिशऐवजी झेब्राच पाळावेत.

सुटीत पाळीपाळीने दोन मुले रोज येत आणि उडालेले पाणी भरून काढत. त्यांच्या वहीतली १७ मेची नोंद अशी: खोली ३७, पाणी २९, भरलेले पाणी साडेतीन लिटर, दोन्ही गोल्डफिश खातात. खाली तिरप्या अक्षरात त्या दिवाळीवाल्या मुलीने लिहिले आहे: ‘पंख्याची वायर गरम लागते. सरांना आजच सांगणे.’

वायर त्याच दुपारी बदलली.