काविळीच्या रिपोर्टातील ‘पॉझिटिव्ह’ कसे वाचावे?

मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयावर लिहितो, त्याला कारण घडले. शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या रिपोर्टवर ‘अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह’ आले आणि घरच्यांनी त्याचे ताट-पेला वेगळे केले. ताट-पेला वेगळे होण्याचे दुःख आपल्याला कोणी सांगायला नको! डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला तेव्हा कळले, की मुलाला रोग नव्हताच. लस घेतल्यामुळे आलेल्या प्रतिकारशक्तीची ती खूण होती.

विषाणू शरीरात शिरला, की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार होतात. ‘आयजीएम’ प्रकारची प्रतिपिंडे बहुधा ताजा संसर्ग दाखवतात. ‘आयजीजी’ मागाहून येतात व वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून दूषित पाणी व अन्नातून होणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ काविळीत आयजीएम पाहतात.

‘बी’ काविळीत प्रथम ‘एचबीएसएजी’ शोधतात. हे प्रतिपिंड नव्हे, तर विषाणूचाच अंश आहे. तो शोधणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा अंश सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर आजार जुनाट समजतात. ‘अँटी-एचबीएस’ मात्र संरक्षण दाखवते. ‘अँटी-एचबीसी’ लसीने येत नाही. ती प्रत्यक्ष संसर्गानेच येते, मग तो आजचा असो वा पूर्वीचा.

‘सी’चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्याची अँटिबॉडी म्हणजे पासबुकातील जुनी नोंद. व्यवहार झाला एवढे ती सांगते, आजची शिल्लक सांगत नाही. रोग बरा झाल्यावरही ती राहते. म्हणून विषाणू आज आहे का, हे पाहण्यास ‘आरएनए’ तपासणी लागते. उलट, संसर्गानंतर पहिले काही आठवडे अँटिबॉडी सापडतही नाही.

‘बी’ व ‘सी’ रक्त, दूषित सुया, शरीरसंबंध आणि प्रसूतीवेळी आईकडून बाळाला होतात. एकत्र जेवल्याने नव्हे. ‘सी’ आज गोळ्यांनी बहुतेकांत बरा होतो, ‘बी’ला लस आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत मिळतात.

तेव्हा मित्रहो, काविळीसाठी गळ्यात माळ बांधून थांबू नका आणि ‘पॉझिटिव्ह’ शब्दाला भिऊन आपल्याच माणसाला दूर लोटू नका. कोणती तपासणी पॉझिटिव्ह, एवढा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.